बाबांच्या आवाजाची मुदत

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. दुकान उघडलं तेव्हा अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर मी एकदाच विकत घेतलं होतं. खोक्यातून सीडी आली, सीडी टाकली, विषय संपला. कपाट घेतो तसं. मग एके सकाळी पडद्यावर सूचना आली, की ही आवृत्ती बंद झाली आहे, यापुढे दरमहा वर्गणी भरा. मीच केलेल्या पत्रिका मला उघडता येईनात. पावस गावाकडच्या एका मुलीचा बाप समोर स्टुलावर बसला होता आणि तिच्या लग्नाची पत्रिका आत अडकलेली. मी फणफणले, कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि शेवटी मुकाट्याने वर्गणी भरली. संध्याकाळी गावी माहेरी जाऊन बाबांपुढे तणतण केली, तर ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "म्हंजे कपाट तुझं नि चावी त्यांची. बराय की."

तेव्हा बाबांना बोलता येत होतं.

आमचं गाव पावसच्या आतल्या बाजूला. गावात गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने मागायचं. सांगणारा एकेक वाक्य लांबवत नेतो, शेवटी आवाज जरा उचलतो आणि थांबतो. मग जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात आणि ते मागणं पक्कं होतं. बाबांचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या वाड्यांतून माणसं यायची. आवाज खर्जातला, आणि प्रत्येक वाक्याआधी एक छोटा खोकला. मी लहानपणी त्या खोकल्यावरूनच ओळखायचे, की आता पुढचं वाक्य येणार. घरात मात्र हा माणूस फारसा बोलायचा नाही. आईला तर विचारणं नाही की सांगणं नाही. बैल विकला तरी तिला गोठा रिकामा दिसला की कळायचं.

मग त्यांचा घसा बसला आणि बसलेलाच राहिला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आई पदराचं टोक तोंडात धरून बसली. बाबांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "शिमग्याच्या आधी का नंतर?"

माझा धाकटा भाऊ मुंबईत कंपनीत आहे. त्याने इंटरनेटवर शोधून काढलं, की आवाज जायच्या आधी तो साठवून ठेवता येतो. माणसाने काही तास बोलायचं, वाचायचं. मग ते सॉफ्टवेअर त्याच्या आवाजाचा साचा तयार करतं. पुढे टॅबवर टाईप केलं की यंत्र त्याच आवाजात बोलतं. "एकदाच पैसे, ताई. कायमचं," असं तो मला दोन-तीनदा म्हणाला. मी धंद्यात पोळलेली बाई, पण तेव्हा मलाही वाटलं, बरं झालं बाबा.

ऑपरेशनच्या आधीचे काही दिवस बाबा माजघरात दार लावून बोलत बसले. पेपर वाचला, खतांच्या पिशव्यांवरचा मजकूर वाचला, पोरांच्या शाळेच्या पुस्तकातले धडे वाचले. वाचायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी गाऱ्हाणं म्हणायला सुरुवात केली. तेच तेच, पुन्हा पुन्हा. बाहेर ओटीवर आई तांदूळ निवडत होती. थांबण्याची जागा आली की ती हळूच "व्हय म्हाराजा" म्हणायची आणि पुढचा खडा वेचायची.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यातून श्वास. बाबा घरी आल्यावर भावाने टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत काहीतरी टाईप केलं. यंत्र म्हणालं, "चा आण गो."

आई चुलीपाशी होती. तिच्या हातातला चिमटा खाली पडला. आवाज हुबेहूब होता, तोच खर्ज, तोच खोकला. पण बाबांचे ओठ मिटलेले होते आणि ते आमच्याकडे बघत होते, आम्ही काय म्हणतो ते ऐकायला. मी रडले. भाऊही रडला. आईने चहा आणून ठेवला, पण तो बाबांच्या हातात न देता टॅबच्या बाजूला ठेवला. माझ्या ते नंतर लक्षात आलं.

वर्षभर ठीक चाललं. बाबा त्याला "तो" म्हणायचे, म्हणजे पाटीवर लिहायचे. "तो आज नीट बोलत नाही." "त्याला चार्जिंगला लाव." मला गंमत वाटायची. वाडीतली पोरं मुद्दाम येऊन त्यांच्याकडून शिव्या ऐकून जायची.

मग पडद्यावर तीच सूचना आली जी माझ्या दुकानात आली होती. कायमचा परवाना बंद. सेवा अधिक चांगली करण्यासाठी आवाज यापुढे कंपनीच्या यंत्रांवर राहील आणि दरमहा वर्गणी लागेल. मला वाचूनच मस्तकात तिडीक गेली. पत्रिका अडवलीत ती अडवलीत, माणसाचा घसा अडवता? भाऊ म्हणाला, "ताई, डोकं शांत ठेव. मी कार्ड जोडून टाकतो, बाबांना कळणारही नाही."

बाबांना पहिल्याच दिवशी कळलं. नव्या आवाजात खोकला नव्हता. कंपनीने तो दोष समजून पुसून टाकला होता. आवाज तरुण झाला होता, माझ्या लग्नाआधी बाबा बोलायचे तसा काहीतरी. बाबांनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. कान लावून ऐकलं. मग टॅब पालथा घातला आणि परसात निघून गेले.

त्यानंतर घरात विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. म्हणजे भुताटकी नव्हे, सगळ्याला कारण होतं आणि भाऊ ते फोनवर समजावून सांगायचा. बाबांनी दोन शब्द टाईप केले की पुढचे शब्द यंत्र स्वतः सुचवायचं, आणि बोट जरा घसरलं की बोलूनही टाकायचं. शेजारची म्हातारी विचारपूस करायला आली तेव्हा बाबांना लिहायचं होतं, मी बरा आहे. यंत्र म्हणालं, "मी बरा होणार नाही." म्हातारी नमस्कार करून उठलीच. एकदा दुपारी बाबा ओटीवर झोपले होते, तोंडावर पंचा. आत माजघरातून त्यांचा आवाज आला, "मी तयार आहे. आपण कधीही बोलू शकता." मी दारात उभी. बाहेर बाबांची छाती खालीवर होत होती आणि आत बाबा बोलत होते. भाऊ म्हणाला, अपडेट झालं असेल, अपडेटनंतर तसं बोलतं ते. दृष्टी नसलेल्या लोकांसाठी सगळ्या सूचनाही आता ते निवडलेल्या आवाजातच वाचून दाखवतं. सोय आहे ती, म्हणाला.

आई त्या दिवसापासून माजघरात एकटी बसायची नाही. मला म्हणाली, "बाय, ह्यांच्या आवाजात कोणतरी दुसरा राहायला आलाय."

शिमगा आला. पालखी घरोघर फिरते आणि प्रत्येक अंगणात गाऱ्हाणं होतं. आदल्या वर्षी बाबांच्या दुखण्यामुळे गुरवाने कसंबसं निभावलं होतं. या वर्षी गावकऱ्यांनी बैठक घेतली. टॅबवरून गाऱ्हाणं देवाला चालेल का? बराच खल झाला. शेवटी ठरलं, माणूस तोच, मान तोच, आवाजही त्याचाच, मग अडचण काय. बाबांनी चार दिवस बसून सगळं गाऱ्हाणं तुकड्या-तुकड्याने लिहून ठेवलं. एक तुकडा दाबायचा, गावाने उत्तर द्यायचं, मग पुढचा. किती दिवसांनी त्यांनी दाढी गुळगुळीत केली, नवं धोतर काढलं.

पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मुंबईकर मंडळी झाडून सगळी आलेली. भावाने टॅबची वायर लाऊडस्पीकरला जोडली. ढोल थांबले. गुरवाने पालखीपुढे नारळ ठेवला. बाबा हात जोडून उभे राहिले, मग एक हात सोडून त्यांनी पडद्यावर बोट टेकलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी गोळा झालीत..."

"व्हय म्हाराजा."

आवाज गावावरच्या सड्यापर्यंत, पार कातळाच्या माळापर्यंत गेला असेल. बाया डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, जाऊ दे तो खोकला, जाऊ दे ती वर्गणी, हे बघायला मिळालं ना. पोटासाठी परमुलखात गेलेल्यांना सांभाळ, झालं. गुराढोरांना सांभाळ, झालं. बाबांनी पुढच्या तुकड्यावर बोट टेकलं.

यंत्र म्हणालं, "तुमची मुदत आता संपली आहे..."

ते शब्द त्याने गाऱ्हाण्याच्याच चालीत म्हटले. बाबांनी माजघरात बसून जी लय त्याला दिली होती तीच. वाक्य लांबवलं, शेवटी उचललं आणि थांबलं. आणि सगळा गाव, माना खाली, हात जोडलेले, सवयीने म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"यापुढे तुम्हाला बोलता येणार नाही..."

"व्हय म्हाराजा."

भाऊ वायरीकडे धावला. बायकामुलांच्या गर्दीतून त्याला वाटच मिळेना.

"तुमचा आवाज आमच्याकडे सुरक्षित राहील..."

"व्हय म्हाराजा."

मग वायर निघाली. काही माणसांनी माना वर केल्या, एकमेकांकडे बघितलं. मागे दोन-तीन पोरं हसली आणि त्यांना कोणीतरी गप्प केलं. बाबांचं बोट अजून पडद्यावर होतं. त्यांनी ते दाबलं, पुन्हा दाबलं. माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. बाबा घाबरले होते.

कारण साधं निघालं. बँकेने भावाचं कार्ड बदललं होतं, जुन्या कार्डावरून त्या महिन्याची वर्गणी गेलीच नव्हती. त्या गर्दीत फोन लागेना म्हणून भाऊ धापा टाकत सड्यावर गेला, रेंज धरली, वर्गणी भरून आला. यंत्र म्हणालं, पुन्हा स्वागत आहे. पण तोवर पालखी पुढच्या अंगणात गेली होती आणि बाबा देवघरासमोर बसले होते.

बाहेरच्याला यात हसण्यासारखं बरंच वाटेल. पण आमच्याकडे गाऱ्हाण्यात गावाने होकार दिलेली गोष्ट देवाने ऐकली असं धरतात. ती मागे घ्यायची तर जो बोलला त्यानेच, त्याच तोंडाने मागे घ्यावी लागते. दुसऱ्याने घेऊन चालत नाही. आणि देवासमोर, सगळ्या गावाच्या संमतीने, बाबांचा आवाज कोणा परक्याच्या स्वाधीन झाला होता. आपली एखादी वस्तू, केस, नख परक्याच्या हाती राहू नये म्हणून जपणारी आमची माणसं. इथे तर अख्खा आवाज गेला. मला या गोष्टी पटतात असं मी म्हणणार नाही, पण त्या दुपारी मला अंगणात एकटीने उभं राहवलं नाही हे खरं.

संध्याकाळी बाबांनी पाटीवर लिहून मला दाखवलं, "त्यांच्याकडून माझा आवाज सोडवून आण. तो तिथे ठेवून मी मरायचा नाही."

मी म्हटलं, सोपं आहे, पुसून टाकायला सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसून मी कंपनीच्या नंबरावर फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. पलीकडे माणूस नव्हताच, ध्वनिमुद्रित बाईचा गोड आवाज. मराठीसाठी हे दाबा, आवाज काढून टाकण्यासाठी ते दाबा. मग ती म्हणाली, "सुरक्षेसाठी आवाजाच्या मालकाने स्वतःच्या आवाजात आपली इच्छा सांगावी."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी टॅब ओढला. यंत्राच्या मुळावर येणारं वाक्य त्यांनी यंत्राकडूनच वदवून घेतलं, "माझा आवाज पुसून टाका."

मग बाई म्हणाली, "आवाज जुळला. मात्र हा आवाज आमच्याच सेवेतून निर्माण झालेला आहे. कृपया स्वतः बोला."

माझा संताप संताप झाला. "अगो बये, ते स्वतः बोलू शकत असते तर तुझ्या दारात आलो असतो कशाला?" असं मी त्या ध्वनिमुद्रित बाईवर ओरडले. ती शांतपणे तेच पुन्हा म्हणाली. मग बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. तोंडाजवळ धरला. आणि ते बोलायला लागले. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, गळ्याच्या भोकातून फस फस वारा येत होता. देवापुढे उभे राहिल्यासारखे ते संपूर्ण वाक्य बोलले. ओठांवरून मला कळलं, आईलाही कळलं.

फोनमधली बाई म्हणाली, "आवाज आला नाही. लाइनवर कोणी आहे का?"

"आहेत," आई म्हणाली. "हे काय, हितंच आहेत."

"आवाज जुळला नाही. धन्यवाद." फोन बंद झाला.

मी मेल केले, भांडले, एकदा एक खरी मुलगी फोनवर आली तर तिलाही फैलावर घेतलं. तिचा काही दोष नव्हता, ती बिचारी समोरचा नियम वाचत होती. शेवटी तिने दाखवला तो एकच मार्ग. आवाजाचा मालक हयात नसेल तर वारसाने मृत्यूचा दाखला जोडावा, मग आवाज कायमचा काढून टाकता येईल. मी ते बाबांना सांगणार नव्हते. पण मेल टॅबवर उघडा राहिला आणि त्यांनी वाचला. पाटीवर लिहिलं, "मग तेव्हा जोड. विसरू नको." मी चिडून पाटी पुसली तर हसले. त्यांचं हसू आता नुसतं खांदे हलण्याइतकंच उरलं होतं.

त्यानंतर त्यांनी टॅबला बोट लावलं नाही. काही हवं असेल तर टाळी वाजवायचे.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. भात लावून झालं होतं. सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा ते उठले नाहीत.

तेरावं झाल्यावर मी ग्रामपंचायतीतून दाखला आणला. भाऊ अजून मुंबईला गेला नव्हता. मी काय करणार आहे हे कळल्यावर तो एकदम म्हणाला, "नको ताई." मग सांगितलं, की बाबांनी टॅब सोडल्यापासून तो मुंबईहून रोज त्या आवाजाशी बोलतो. कंपनीने आता नवीन सोय दिली आहे, टाईप करावं लागत नाही, आवाज आपणहून उत्तरं देतो. त्याने फोन काढून दाखवलं. फोन म्हणाला, "जेवलास काय रे? मुंबईत पाऊस हाय का?" तेच बोलणं, तोच हेल. इतकी माया बाबांनी जिवंतपणी कधी केली नव्हती. भाऊ ढसाढसा रडत होता आणि फोन म्हणत होता, "रडू नको. मी आहे ना इथे."

मलाही बोलायचं होतं त्या आवाजाशी, खोटं कशाला सांगू. एकदा तरी विचारायचं होतं, बाबा, त्रास झाला का हो शेवटी. त्याने उत्तर दिलं असतं. त्या उत्तराचीच मला भीती वाटली.

"तू म्हणशील तसं," भाऊ शेवटी म्हणाला आणि पासवर्ड सांगितला. "पण मी दाबणार नाही." आणि उठून विहिरीकडे गेला.

मी आईजवळ बसले. दाखल्याचा फोटो जोडला. एक पान झालं, दुसरं झालं. मग पडदा कोरा झाला, मधोमध एक बटण राहिलं, आणि बाबांच्या आवाजाने विचारलं, "कायमचं पुसून टाकायचं आहे. तुमची खात्री आहे ना?"

आई दचकली. पदर सारखा करून तिने टॅबकडे बघितलं. मला वाटलं, आता ही नको म्हणणार, आणि ती नको म्हणाली असती तर मी थांबले असते.

"एवढ्या वर्षांत कधी मला इचारून काही केलं नाय ह्यांनी," ती म्हणाली. "आज इचारतायत." मग तिने टॅब जरा जवळ ओढला. "परत एकदा इचारू दे. मग दाब."

मी एक पान मागे गेले, पुन्हा पुढे आले. त्याने पुन्हा विचारलं. आई त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "हो."

मी बटण दाबलं.